मोटारीचे आयुष्य : मुंबईच्या ‘फियाट’ टॅक्सीच्या आधारे एक ऐतिहासिक विचार

(१)

जुनी मोटारगाडी किती वर्षे वापरावी व ती केव्हा बदलावी, हा प्रश्न सामान्यतः व्यवहाराचा मानला जातो. गाडीचा मालक तो आपल्या मिस्त्रीला विचारतो, हिशेबनीस त्याचे उत्तर घसाऱ्याच्या कोष्टकातून काढतो, आणि शासन ते राजपत्रातून जाहीर करते. ह्या तिघांची उत्तरे मात्र क्वचितच जुळतात. एकाच गाडीला मिस्त्री ‘अजून दहा वर्षे मरण नाही’ असे म्हणतो, तेव्हा हिशेबाच्या वहीत तिची किंमत जवळजवळ नाहीशी झालेली असते आणि कायद्याच्या दृष्टीने तिची मुदत भरत आलेली असते. ह्या विसंगतीचा उगम कोठे आहे, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मोटारीचे आयुष्य हा केवळ यंत्रशास्त्राचा विषय नसून तो अर्थव्यवस्थेच्या आणि शासनव्यवहाराच्या इतिहासाचाही विषय आहे, असे आमचे प्रतिपादन आहे.

विवेचनासाठी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे उदाहरण घेतले आहे. ‘प्रीमियर पद्मिनी’ ह्या बनावटीची टॅक्सी म्हणून शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथील प्रादेशिक परिवहन कार्यालयात झाली. टॅक्सीसाठी त्या वेळी लागू असलेली मर्यादा वीस वर्षांची असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ह्या जातीची एकही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावर अधिकृतपणे उरली नाही. सुमारे सहा दशके ह्या शहराची ओळख बनून राहिलेल्या वाहनाचा हा शेवट यंत्राच्या बिघाडामुळे नव्हे, तर दिनदर्शिकेवरील तारखेमुळे झाला. ही घटना आमच्या प्रश्नाचा गाभाच उघड करते. गाडीचे आयुष्य त्या दिवशी संपले असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय संपलेले असते ?

(२)

प्रथम यंत्राचा विचार करू. मोटारगाडी ही एक वस्तू नसून निरनिराळ्या वेगाने झिजणाऱ्या अनेक वस्तूंचा समूह आहे. टायर, ब्रेकचे लायनर, क्लचप्लेट, बॅटरी हे भाग काही वर्षांतच निकामी होतात व ते बदलणे हा नित्याचा खर्च होय. इंजिनाचे सिलिंडर व पिस्टन-रिंग ह्यांची झीज अधिक सावकाश होते, आणि ती झाल्यावर सिलिंडरचे पुन्हा बोअरिंग करून मोठ्या मापाचे पिस्टन बसविता येतात. गिअरबॉक्सही उघडून दुरुस्त होते. ह्या सर्वांच्या तुलनेत गाडीचा सांगाडा मात्र वेगळ्या कोटीतला आहे. जुन्या काळच्या मोटारींत मजबूत चासीवर वरचा साटा बसविलेला असे, त्यामुळे पत्रा सडला तरी चासी टिके. १९५३ साली इटलीत अवतरलेल्या ‘फियाट ११००’च्या नव्या रूपात स्वतंत्र चासी नव्हती. पत्र्याची काया हीच भार वाहणारी चौकट होती. अशा गाडीत तळाचा पत्रा व दाराखालच्या पट्ट्या गंजल्या म्हणजे केवळ सौंदर्याची हानी होत नाही, तर तिचा कणाच खचतो. मुंबईची खारट, दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस लक्षात घेता, येथील गाडीचा खरा शत्रू इंजिनाची झीज नसून गंज हा होता, हे सहज समजते.

तथापि गंजलेला पत्रा कापून नवा जोडता येतो. किंबहुना, पैसा व कौशल्य ह्यांची मर्यादा नसेल तर मोटारीचा प्रत्येक भाग बदलता येतो. ग्रीसमधील थेसालोनिकी येथील टॅक्सीचालक ग्रिगोरिओस साखिनिदिस ह्यांनी १९७६ सालची आपली ‘मर्सिडीज २४० डी’ ही गाडी इंजिने वेळोवेळी बदलून ४६ लक्ष किलोमीटर चालविली व २००४ साली ती निर्मात्याच्या संग्रहालयास दिली. अमेरिकेतील अर्व्ह गॉर्डन ह्यांनी १९६६ साली घेतलेल्या ‘व्होल्वो’ गाडीने २०१३ साली तीस लक्ष मैलांचा टप्पा ओलांडला. ही उदाहरणे अपवादात्मक असली तरी त्यांवरून एक गोष्ट निर्विवाद ठरते. यंत्राला स्वतःची अशी निश्चित मृत्युतिथी नसते. गाडी ‘मरते’ ती ज्या दिवशी पुढची दुरुस्ती करण्यासारखी नाही असे कोणीतरी ठरवितो त्या दिवशी. हा निर्णय मनुष्याचा असतो, आणि मनुष्याचे निर्णय हे इतिहासाचे क्षेत्र आहे.

येथे साधनांविषयी एक सूचना करणे इष्ट होईल. गाडीच्या झिजेचे खरे माप वर्षे नसून तिने तोडलेले अंतर होय. समजा, एखादी खाजगी गाडी रोज सरासरी २५ किलोमीटर धावते, तर तिचे वार्षिक अंतर नऊ हजारांच्या थोडे वर जाते. टॅक्सी रोज १०० किलोमीटर धरून वर्षाचे ३०० दिवस चालली तर ते तीस हजार होते. म्हणजे पाच वर्षांची टॅक्सी सोळा वर्षांच्या खाजगी गाडीहून अधिक चाललेली असू शकते. परंतु अंतराची नोंद अभ्यासकाला विश्वसनीय स्वरूपात मिळत नाही. जुन्या मोटारींच्या अंतरमापकात बहुधा पाचच आकडे असत आणि ९९,९९९ नंतर ते पुन्हा शून्यावर येत. शिवाय विक्रीपूर्वी काटा मागे फिरविण्याची प्रथा जगभर कुप्रसिद्ध आहे. उलट नोंदणीची तारीख सरकारी दप्तरात पक्की असते. कायद्याने अंतराऐवजी वर्षांना प्रमाण मानले, ह्याचे एक मोठे कारण हे की शासनाला दिसत होते ते वय, चाल नव्हे. जे मोजता येते तेच महत्त्वाचे मानण्याची ही प्रवृत्ती पुढील विवेचनात पुन्हा भेटेल.

(३)

आता अर्थशास्त्राकडे वळू. यंत्रसामग्री केव्हा बदलावी ह्या प्रश्नाला गणिती रूप देण्याचे श्रेय हॅरोल्ड हॉटेलिंग ह्यांच्या १९२५ सालच्या घसाऱ्यावरील निबंधाकडे मोठ्या प्रमाणात जाते. त्यातील सर्व बारकाव्यांत न शिरता मुख्य कल्पना एका सोप्या उदाहरणाने सांगता येईल. समजा, नव्या गाडीची किंमत १२०० एकक आहे. दुरुस्तीचा खर्च पहिल्या वर्षी २४, दुसऱ्या वर्षी ४८, तिसऱ्या वर्षी ७२ अशा क्रमाने वाढतो. मोडीची किंमत नगण्य धरू. गाडी जितकी अधिक वर्षे ठेवावी तितका खरेदीचा वार्षिक बोजा हलका होतो, पण दुरुस्तीची वार्षिक सरासरी चढत जाते. दहा वर्षे वापरल्यास खरेदीचे वार्षिक १२० व दुरुस्तीचे सरासरी १३२, असे एकूण २५२ एकक पडतात. हाच सर्वात कमी खर्च होय. पंधरा वर्षे ठेवल्यास तो २७२ होतो.

ह्या लहानशा गणितातून दोन निष्कर्ष निघतात व दोन्ही इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, नव्या गाडीची किंमत दुप्पट झाली तर बदलण्याचा लाभदायक काळ दहा वर्षांवरून सुमारे चौदा वर्षांवर जातो. दुरुस्तीचा खर्च निम्मा झाला तरीही तितकाच जातो. आणि ह्या दोन्ही गोष्टी एकाच समाजात एकत्र आल्या तर तो काळ बरोबर दुप्पट, म्हणजे वीस वर्षे होतो. गाडी तीच, लोखंड तेच. केवळ नवी गाडी महाग आणि कारागिराचे श्रम स्वस्त असल्यामुळे तिचे आयुष्य दुणावते.

दुसरा निष्कर्ष कमी लक्षात घेतला जातो. वरील उदाहरणात गाडी आठ वर्षांनी बदलली तर वार्षिक खर्च २५८ पडतो आणि बारा वर्षांनी बदलली तर २५६. म्हणजे योग्य काळाच्या दोन वर्षे आधी किंवा नंतर बदलल्याने खर्चात दोन-अडीच टक्क्यांहून अधिक फरक पडत नाही. खर्चाची वक्ररेषा तळाशी जवळजवळ सपाट असते. ह्याचा अर्थ असा की, अमुक वर्षीच गाडी बदलली पाहिजे अशी सक्ती हिशेब कधीच करीत नाही. त्या विस्तृत सपाटीवर मालक नेमका कोठे थांबेल हे दुसऱ्याच गोष्टी ठरवितात : एखादी अनपेक्षित मोठी दुरुस्ती, कर्ज मिळण्याची सोय, शेजाऱ्याच्या दारातील नवी गाडी, किंवा सरकारी हुकूम.

हिशेबाच्या वहीतील घसाराही ह्या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. आयकर अधिनियम, १९६१ खालील नियमांत साध्या मोटारीला १५ टक्के, तर भाड्याने चालणाऱ्या टॅक्सीला ३० टक्के घसाऱ्याचा दर, घटत्या शिल्लक मूल्यावर, देण्यात आला. पहिल्या दराने दहा वर्षांनंतर मूळ किमतीचा पाचवा हिस्सा उरतो. दुसऱ्या दराने शेकडा तीनही उरत नाही. टॅक्सी लौकर झिजते ह्याची जाणीव आयकरखात्याच्या नियमांत होती, ती परिवहनाच्या वयोमर्यादेत उमटलेली दिसत नाही. आणखी एक गंमत अशी की, घटत्या मूल्याच्या पद्धतीत किंमत कितीही कमी झाली तरी शून्य कधीच होत नाही. हिशेबनिसाच्या लेखीही गाडीला मरण नाही !

(४)

ह्या सिद्धांताची कसोटी भारताच्या औद्योगिक इतिहासावर लावून पाहू. १९२८ साली जनरल मोटर्सने शिवडी येथे सुट्या भागांची जुळणी करणारा कारखाना काढला, तेव्हापासून अमेरिकन गाड्या मुंबईत जोडल्या जाऊ लागल्या. संपूर्ण मोटार येथेच घडवावी ह्यासाठी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या ह्यांनी १९३५-३६ च्या सुमारास योजना आखली. वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ची स्थापना करून ती कल्पना मुंबईत मूर्त रूपास आणली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रथम क्राय्सलर कंपनीच्या बनावटीच्या गाड्या बाहेर पडल्या. १९४९ साली तयार गाड्यांच्या आयातीवर बंदी आली. १९५३ साली जकात आयोगाच्या शिफारशीनंतर ज्या कंपन्यांपाशी टप्प्याटप्प्याने देशी उत्पादनाचा कार्यक्रम नव्हता त्यांना येथील व्यवसाय आवरावा लागला. शिवडीचा कारखाना १९५४ साली बंद पडला.

ह्या धोरणाने देशी उद्योगाला आधार दिला, हे मान्यच आहे. परंतु त्याचा एक अप्रत्यक्ष परिणाम आपल्या प्रश्नाशी थेट निगडित आहे. बाजारात मोजक्या बनावटी उरल्या आणि त्यांचे उत्पादन अत्यल्प राहिले. साठीच्या व सत्तरीच्या दशकांत साऱ्या देशात वर्षाला पन्नास हजार मोटारीही तयार होत नव्हत्या. १९५९ च्या नियंत्रण-आदेशाने मोटारींचे वितरण व विक्री सरकारी नियमनाखाली आली. मागणी मोठी, किंमत बांधलेली आणि पुरवठा तोकडा, अशा स्थितीत प्रतीक्षायादी ही नव्या गाडीच्या किमतीचाच एक भाग झाली. वापरलेली गाडी नव्या गाडीच्या अधिकृत किमतीहून महाग विकली जाण्याचे प्रकार घडत. ज्या समाजात जुनी वस्तू नव्या वस्तूपेक्षा महाग असते, तेथे ती मोडीत काढण्याचा विचार कोण करील ?

दुसरीकडे, गाडीची रचना जवळजवळ अचल राहिली. फियाट ११०० ची जी आवृत्ती १९६४ पासून येथे बनू लागली, तिचे इटलीतील उत्पादन त्या दशकातच संपले. कुर्ल्यात मात्र नावे बदलत गेली. ती प्रथम ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ व पुढे ‘पद्मिनी’ झाली, आणि १,०८९ घन सेंटिमीटरचे तेच चार सिलिंडरी इंजिन घेऊन ती विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत निघत राहिली. रचनेच्या ह्या जडत्वाबद्दल टीका पुष्कळ झाली आणि ती रास्तही होती. तथापि त्याचा एक उलटा लाभ नजरेआड करता कामा नये. पंचवीस वर्षे जुन्या गाडीला कालच निघालेल्या गाडीचे अनेक भाग बसत. एक गाडी अपघातात निकामी झाली तर तिच्या दारांवर, आसावर व गिअरबॉक्सवर दुसऱ्या चार गाड्या जगत. कुर्ल्याच्या व चोरबाजाराच्या गल्ल्यांतून सुट्या भागांचा जो व्यापार वाढला, त्याचे मूळ ह्या समानतेत होते. नमुन्याचे आयुष्य लांबले म्हणून त्या नमुन्यातील प्रत्येक गाडीचेही लांबले.

ह्या सर्वांमागे मिस्त्रीचे कौशल्य उभे होते. पाठ्यपुस्तक न वाचता केवळ कानाने इंजिनाचा दोष ओळखणारा उस्ताद, लेथवर हव्या त्या मापाचा भाग कातून देणारा कारागीर, पत्रा ठोकून सरळ करणारा डेंटर आणि त्यांच्या हाताखाली शिकणारी पोरे, ही एक अलिखित विद्यापीठव्यवस्थाच होती. कार्बोरेटर, डिस्ट्रिब्यूटर व लिव्हर ह्यांची ती गाडी डोळ्यांना दिसे आणि हाताने उमजे. पुढे टॅक्सीमालकांनी इंधनाचा खर्च वाचविण्यासाठी त्याच सांगाड्यात डिझेल इंजिने बसविली व त्यानंतर सी.एन.जी.च्या टाक्याही बसविल्या. मूळ इंजिन गेले, इंधन बदलले, पत्रा बदलला, तरी चासीचा क्रमांक तोच असल्यामुळे नोंदणीपुस्तकात गाडी तीच राहिली. वस्तूची ओळख तिच्या द्रव्यात आहे की नावात, हा तत्त्वज्ञांचा प्राचीन वाद परिवहन कार्यालयाने एका क्रमांकाने निकालात काढला होता.

(५)

तुलनेसाठी इतर देशांकडे दृष्टी टाकली असता वरील उपपत्तीस पुष्टी मिळते. अमेरिकेत फोर्डच्या ‘मॉडेल टी’चे १९०८ ते १९२७ ह्या काळात दीड कोटीहून अधिक नग निघाले. गाडी स्वस्त व टिकाऊ असावी, दरवर्षी बदलू नये, ही फोर्डची भूमिका होती. १९२३ साली जनरल मोटर्सची सूत्रे हाती घेतलेल्या आल्फ्रेड स्लोन ह्यांनी नेमका उलटा मार्ग धरला. वार्षिक नवे रूप, विविध रंग, हप्त्याने विक्री आणि जुनी गाडी देऊन नवी घेण्याची सोय ह्यांच्या बळावर त्यांनी ग्राहकाच्या मनात चालत्या गाडीविषयीच असमाधान निर्माण केले. येथे गाडीचे आयुष्य लोखंडाने नव्हे, फॅशनने ठरले. परंतु हीही अवस्था शाश्वत नव्हती. १९७० च्या सुमारास अमेरिकेतील चालू मोटारींचे सरासरी वय साडेपाच वर्षांच्या आसपास होते. २०२४ साली हलक्या वाहनांचे सरासरी वय १२.६ वर्षांवर गेल्याचे प्रसिद्ध झाले. गंजरोधक पत्रा, अचूक यंत्रकाम व सुधारलेली वंगणे ह्यांनी टिकाऊपणा वाढविला, आणि नव्या गाड्यांच्या चढत्या किमतींनी मालकाला तो टिकाऊपणा वापरावयास लावले.

क्यूबाचे उदाहरण सर्वपरिचित आहे. १९५९ च्या क्रांतीनंतर अमेरिकन गाड्यांची आवक थांबली व १९६२ पासून व्यापारबंदी पूर्ण झाली. हवानाच्या रस्त्यांवर पन्नाशीच्या दशकातील शेव्हरोले व ब्यूइक आजही दिसतात, त्याला आपण टंचाईचा परिणाम समजतो. परंतु तेथे कायद्याचाही भाग होता. २०११ पर्यंत क्रांतिपूर्व काळात देशात आलेल्या गाड्यांचीच नागरिकांना मुक्तपणे खरेदी-विक्री करता येत असे. जुनी गाडी हीच हस्तांतरणीय मालमत्ता ठरल्यामुळे ती जतन करणे म्हणजे संपत्ती जतन करणे होते. ह्याच्या अगदी विरुद्ध टोकाला सिंगापूर आहे. १९९० पासून तेथे गाडी ठेवण्याचा हक्कच दहा वर्षांच्या प्रमाणपत्राने विकत घ्यावा लागतो. मुदत संपली की नवे मूल्य भरून हक्क वाढवावा, नाही तर उत्तम स्थितीतील गाडीसुद्धा रस्त्यावरून काढावी. एका बेटावर साठ वर्षे आणि दुसऱ्या बेटावर दहा वर्षे असा फरक पडतो, तो धातूच्या गुणांमुळे नव्हे, हे सांगावयास नको.

आकड्यांच्या वाचनाविषयी विद्यार्थ्यांनी एक सावधगिरी बाळगावी. चालू गाड्यांचे सरासरी वय म्हणजे गाडीचे सरासरी आयुष्य नव्हे. पहिली जिवंतांची गणना आहे, दुसरीला मृतांची नोंद लागते. नव्या गाड्यांची विक्री वाढली की एकही जुनी गाडी मोडीत न निघता सरासरी वय खाली येते, आणि विक्री मंदावली की ते आपोआप वाढते. आपल्याकडे अडचण अधिक आहे. गाडीच्या जन्माची नोंद सक्तीने होते, पण तिच्या मृत्यूची नोंद करावयास मालक क्वचितच कार्यालयात जातो. त्यामुळे एकूण नोंदणीच्या आकड्यांत कितीतरी गाड्या अशा असतात की ज्यांचे लोखंड वितळून त्यांच्या सळयाही झाल्या असतील.

(६)

अखेरीस कायद्याचा विचार. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे वैध ठरली व त्यानंतर तपासणीअंती पाच-पाच वर्षांनी नूतनीकरणाची तरतूद झाली. ह्याच अधिनियमाच्या ५९ व्या कलमाने वाहनाची वयोमर्यादा ठरविण्याचा अधिकार केंद्र शासनास दिला. टॅक्सीसारख्या वाहनाला ५६ व्या कलमानुसार योग्यतेचा दाखला वेळोवेळी घ्यावा लागतो. म्हणजे कायद्यात दोन भिन्न कल्पना शेजारीशेजारी नांदत होत्या. एकीत गाडीची स्थिती तपासून निर्णय घ्यावयाचा, तर दुसरीत तिचे वय पाहून.

नव्वदीच्या दशकानंतर दुसरी कल्पना प्रबळ होत गेली, आणि त्याचे कारण हवा हे होते. वाहनांच्या धुराविरुद्ध नागरिकांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. २००१ साली न्यायालयाने पंधरा वर्षांहून जुन्या टॅक्सी व आठ वर्षांहून जुन्या डिझेल टॅक्सी स्वच्छ इंधनावर आणण्याचा अथवा काढून टाकण्याचा आदेश दिला. पुढे राज्य शासनाने टॅक्सीच्या वयाची मर्यादा २००८ साली पंचवीस वर्षे व २०१३ साली वीस वर्षे केली. दिल्लीत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिझेल गाड्यांना दहा व पेट्रोल गाड्यांना पंधरा वर्षांची सीमा घातली, तिला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दुजोरा दिला. ऑगस्ट २०२१ मध्ये देशव्यापी वाहन-मोडीत धोरण जाहीर झाले. त्यात मात्र केवळ वयावर न थांबता खाजगी गाड्यांना वीस व व्यापारी गाड्यांना पंधरा वर्षांनंतर यांत्रिक तपासणीची अट घालण्याची दिशा होती.

ह्या आदेशांमागील हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शहराची हवा श्वासाबरोबर आत घेणाऱ्यांत टॅक्सीचालक स्वतः आघाडीवर असतो. प्रश्न आहे तो मापाचा. वय हे धुराचे अप्रत्यक्ष माप आहे आणि ते काही काळापुरतेच नीट लागू पडते. भारतात उत्सर्जनाची मानके पायरीपायरीने चढत गेली. चार महानगरांत १९९५ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना धूरशोधक बसविणे आवश्यक झाले, २००० साली ‘भारत २०००’ मानके आली, २०१७ साली चौथा टप्पा व २०२० साली सहावा टप्पा देशभर लागू झाला. पायरीच्या अलीकडची व पलीकडची गाडी ह्यांत वर्षाचेच अंतर असले तरी धुरात मोठा फरक असू शकतो. एकाच पायरीवरील दोन गाड्यांत मात्र सहा वर्षांचे अंतर असूनही फारसा फरक नसेल. डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या आधारे होणाऱ्या कारवाईपासूनचे संरक्षण चौथ्या व त्यापुढील टप्प्यांतील गाड्यांपुरते ठेवले, तेव्हा वयाच्या मापाशेजारी मानकाचे मापही मान्य झाले. हा बदल आमच्या मते योग्य दिशेचा आहे.

परंतु मापाच्या प्रश्नामागे न्यायाचाही एक प्रश्न दडलेला आहे. मुंबईत टॅक्सीचे दोन देह असतात, एक गाडी आणि दुसरा परवाना. अधिनियमाच्या ८३ व्या कलमानुसार परवाना कायम ठेवून गाडी बदलता येते, आणि १९९७ साली नवे परवाने देणे थांबविल्यानंतर तर खरी मालमत्ता परवाना हीच झाली. गाडी नश्वर व परवाना चिरंजीव ! मुदत भरल्याच्या दिवशी परवानाधारकाला हप्त्याने नवी गाडी घ्यावी लागे, अथवा परवाना पडून राहू द्यावा लागे. वर पाहिल्याप्रमाणे, जुन्या गाडीच्या अखेरच्या वर्षांत खर्चाचा बोजा दुरुस्तीच्या रूपाने थोडाथोडा येतो व तो रोजच्या कमाईतून भागविता येतो. नव्या गाडीचा बोजा एकदम येतो. वार्षिक सरासरी दोहोंची सारखी असली तरी ज्याच्यापाशी भांडवल नाही त्याच्या दृष्टीने हे दोन खर्च सारखे नसतात. अर्थशास्त्राची वक्ररेषा तळाशी सपाट असते, पण गरिबाच्या घरचा उंबरठा उंच असतो. हवा शुद्ध करण्याचा लाभ साऱ्या शहराला मिळावयाचा आणि त्याचा खर्च मात्र गाडीच्या मालकाने उचलावयाचा, ही रचना किती काळ न्याय्य मानावी, ह्याचा विचार धोरण आखणाऱ्यांनी करावयास हवा. बदलासाठी स्वस्त कर्ज व मोडीची वाजवी किंमत ह्यांची तरतूद मर्यादेच्या आदेशाबरोबरच झाली पाहिजे, नंतर नव्हे.

आणखी एक हानी हिशेबात धरली जात नाही. पद्मिनीबरोबर तिची दुरुस्ती जाणणारी पिढीही ओसरली. संगणकाने नियंत्रित होणाऱ्या इंजिनात उस्तादाचा कान पूर्वीइतका उपयोगी पडत नाही. गाडी एखाद्या संग्रहालयात ठेवता येईल. ती पुन्हापुन्हा जिवंत करणारे हात मात्र काचेमागे ठेवता येत नाहीत. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी परिवहन कार्यालयांची जुनी नोंदणीपुस्तके, गॅरेजांच्या खर्चवह्या आणि निवृत्त चालकांच्या व मिस्त्र्यांच्या आठवणी ह्यांचा संग्रह आताच हाती घेतला नाही, तर स्वातंत्र्योत्तर मुंबईच्या श्रमजीवनाचे एक महत्त्वाचे साधन कायमचे नाहीसे होईल.

सारांश, मोटारीचे आयुष्य तीन घड्याळांवर मोजले जाते. धातूचे घड्याळ सर्वात सावकाश चालते, बाजाराचे घड्याळ किंमत व मजुरी ह्यांप्रमाणे मंद अथवा जलद होते, आणि कायद्याचे घड्याळ ठरल्या दिवशी एकदम थांबते. टंचाईच्या काळात पहिल्या घड्याळाने शहराला वाहून नेले, आणि विपुलतेच्या काळात तिसऱ्याने निर्णय दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये जे संपले ते लोखंडाचे बळ नव्हते. नवे घेणे अवघड व जुने सांभाळणे स्वाभाविक मानणारी एक समाजव्यवस्था त्या दिवशी अधिकृतपणे संपुष्टात आली. गाडी किती वर्षे टिकली ह्या प्रश्नाचे उत्तर देताना तिला टिकविणारा समाज कोणता होता, हे प्रथम विचारावयास हवे.